पान सात अजून धूसर आहे

मंगळवार, ४ मार्च

अल्बमचं पहिलं पान आज पूर्ण झालं. ह्यांचा शाळेतला फोटो, मागे निळसर कागद, एका कोपऱ्यात दोन बटणं आणि कडेने दोऱ्याची टीप. बटणं खोटी, दोराही खोटा. सगळं संगणकातच. कात्री नाही, डिंक नाही, हाताला काही चिकटत नाही. लेकीने फोनवरून शिकवलं. प्रत्येक वस्तू वेगळ्या थरावर ठेवायची, म्हणजे पाहिजे तेव्हा हलवता येते. त्या थराला लेयर म्हणायचं. मी औषधाच्या दुकानात जन्मभर डॉक्टरांची अक्षरं लावली आहेत, तेव्हा हे काही अवघड जाऊ नये. तरी दुपारी एक बटण ह्यांच्या नाकावर जाऊन बसलं ते हलता हलेना. मी एकटीच हसत सुटले. हे गेल्यापासून इतकी हसले नव्हते.

अल्बमची कल्पना वन्संची. "भाऊचे फोटो डब्यात कुजतायत. नीट पानं कर, छापून आण. आणि लवकर कर, रेंगाळत बसू नकोस." म्हणजे हुकूमच. वन्सं ह्यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. आई लहानपणीच गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. पुढे शाळेत चित्रकला शिकवली, स्वतःचं लग्न काही केलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या इथेच होत्या, आता हे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो आहोत. एकीने चूक करायची आणि दुसरीने ती काढायची अशी वाटणी पहिल्यापासूनच झालेली आहे. चूक करणारी कोण हे सांगायला नको.

पान दाखवायला त्यांना बोलावलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जरा धूसर आहे."

"कुठे?"

"चेहराच. भाऊ स्पष्ट दिसायला हवा, बाकी तुझी बटणंबिटणं नसली तरी चालतील."

माझी बटणंबिटणं! सकाळपासून मान मोडून बसले होते. उद्या पुन्हा बघते.

गुरुवार, ६ मार्च

चौकातल्या छपाईच्या दुकानात जाऊन आले. दुकान चालवणारी बाई माझ्या लेकीच्याच वयाची, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलता बोलता चार यंत्रांकडे लक्ष. मनातल्या मनात मी तिचं नाव प्रिंटवाली ठेवलंय. मी पान दाखवलं आणि म्हटलं, "हे धूसर दिसतंय असं घरच्यांचं म्हणणं आहे."

तिने पान मोठं करून पाहिलं. "मला तर बरं दिसतंय. पण थोडं शार्प करा छापण्याआधी."

मग तिने जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. शार्प केल्याने फोटोत नवीन काही येत नाही. कडेचं काळं आणखी काळं होतं, गोरं आणखी गोरं होतं, त्यामुळे डोळ्याला रेघ ठसठशीत वाटते, एवढंच. ते सगळ्यात शेवटी करायचं, पानाचं माप ठरल्यावर. कागद शाई पितो, म्हणून छापायच्या पानाला पडद्यावर जरा जास्तच वाटेल इतकं द्यायचं. लेकीला वेबवर टाकायचं पान वेगळं; ते आधी लहान करायचं आणि मग अगदी चिमूटभर शार्प करायचं. आणि मूळ थरांच्या फाइलला हात लावायचा नाही. काहीही करायचं ते तिच्या नकलेवर.

"एवढं पाळलंत की झालं," ती म्हणाली. एवढं म्हणजे पाच नियम झाले. लग्नात सुद्धा मला कोणी इतके सांगितले नव्हते.

रविवार, ९ मार्च

आज घात झाला.

चौथं पान, तळ्यावरच्या नावेचं, माझं सगळ्यात लाडकं. हे वल्हं उलटं धरून बसलेत आणि लेक पोट धरून हसतेय. लेकीने सकाळी फोनवर हट्ट धरला, "आई, ते पान आत्ताच्या आत्ता पाठव ना." मी घाईघाईने सगळे थर एकत्र केले, पान लहान केलं, चिमूटभर शार्प केलं आणि सेव्ह दाबलं. नक्कल म्हणून नाही, त्याच फाइलवर. आणि बंद करून टाकलं! पुन्हा उघडलं तर सगळे थर एकमेकांत चिकटून गेलेले, पान टपाल तिकिटाएवढं. मोठं करून बघितलं तर ह्यांच्या चेहऱ्याचे ठोकळे. पाच नियमांपैकी जो एक मोडायचा नव्हता तोच मोडला.

मी डोक्याला हात लावून बसले तशा वन्सं आल्या. "काय झालं?"

"फाइल मेली."

"मेली म्हणू नकोस गं," त्या एकदम म्हणाल्या. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "पुन्हा करू. वल्हं कुठे होतं?"

मला वाटलं होतं आता चित्रकलेचा तास सुरू होणार. पण त्या नुसत्या बसून राहिल्या. नाव कशी डुगडुगत होती, हे कसे म्हणाले की वल्ही उलटीच धरायची असतात, सगळं सांगत राहिल्या. जेवणाआधी पान पुन्हा उभं राहिलं, पहिल्यापेक्षा बरंच. ह्या बाईला असं शेजारी बसता येतं हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

पूर्ण झाल्यावर अर्थात म्हणाल्याच, "पण धूसर आहे बघ अजून."

शनिवार, १५ मार्च

चार पानं छापून आणली. चकचकीत नाही, मंद कागदावर, प्रिंटवालीने हातमोजे घालून पाकिटात भरून दिली. रस्त्याने येताना पाकीट छातीशी धरून आले. मनात म्हटलं, आज तरी वन्सं काय बोलतात बघू.

वन्संनी पान हातात घेतलं, दिव्याखाली नेलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग परत त्यांचं ते खिडकीकडे बघणं. माझ्या पानाकडे नीट बघण्याचीही तसदी घ्यायची नाही आणि मत मात्र द्यायचं.

"चेहरा धूसर. आणि चौकट वाकडी आलीय."

"वाकडी?"

"ही काय, मध्ये पोक आलंय."

मी पट्टी आणली. खरंच आणली, लेकीच्या कंपासपेटीतली. चौकटीला लावली आणि म्हटलं, "बघा वन्सं, केसाइतकासुद्धा फरक नाही. संगणक रेघ मारतो, माझा हात नाही मारत."

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, सावकाश, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा एकदा फिरवलं. "असेल," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

असेल! चूक कबूल करायची वेळ आली की 'असेल'. जन्मभर पोरांच्या वह्यांत वाकड्या रेघा शोधल्या, आता सरळ रेघेत सुद्धा वाकडेपणा सापडतो. मी त्या रागात चारही पानं कपाटात टाकली. नंतर जाऊन पुन्हा सारखी करून ठेवली, त्यांत ह्यांचा चेहरा होता.

रविवार, १६ मार्च

काही विशेष नाही. वन्संच्या तऱ्हा वाढत चालल्यात एवढंच. सकाळी चहा ओतताना निम्मा कपात, निम्मा बशीत. मी काही बोलले नाही तर मलाच म्हणाल्या, "कप कुठे सरकवलास?" मग वर्तमानपत्र माझ्यासमोर टाकून, "मोठ्याने वाच. तुझे उच्चार सुधारतील." बासष्टाव्या वर्षी माझे उच्चार सुधारायचे आहेत. तरी वाचलं. स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणता आहे म्हणून बदलायला लावला, नवा लावला तर तोही मिणमिणताच. जिन्यावरून उतरताना हल्ली कठड्याला धरून राणीसारख्या उतरतात.

एक मात्र रोज विचारतात, "किती पानं झाली? कधी होणार सगळी?" एवढी कसली घाई आहे कोण जाणे. हे काही कुठे जाणार नाहीत आता.

शनिवार, २२ मार्च

पान सात. ह्यांचा मोठा चेहरा, नुकतीच दाढी केलेली, डोळे बारीक करून हसताहेत. आजाराच्या आधीचा शेवटचा चांगला फोटो. हे पान वन्संना पसंत पडलंच पाहिजे असं मी मनाशी ठरवून बसले होते.

धूसर.

थोडं शार्प केलं. धूसर. आणखी केलं. "अजून जरा." आणखी केलं. शेवटी शार्प कमीजास्त करायची खूण सरकवत सरकवत अगदी टोकाला नेली, तिच्यापुढे जागाच उरली नाही. ते पान तसंच छापायला घेऊन गेले.

प्रिंटवाली पडद्याकडे बघतच राहिली. "आजी, हे काय केलंत? ह्यांच्या डोक्याभोवती पांढरी रेघ आलीय. कातडी वाळूसारखी झालीय."

"धूसर दिसतंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आमच्या वन्सं. माझी नणंद. चित्रकलेच्या शिक्षिका होत्या."

तिने केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "मी हे छापणार नाही. नंतर तुम्हालाच वाईट वाटेल. मूळ फाइल आहे ना?"

आहे. तेवढं शहाणपण नावेच्या पानाने शिकवलंय. छोटी नक्कल लेकीला पाठवली तर तिचं उत्तर, "आई, बाबांची दाढी तारांची वाटतेय!" म्हणजे दुकानात पाणउतारा झाला, लेकीकडूनही झाला आणि घरी आल्यावर वन्संनी विचारलं, "आणलंस? नाही? मग कधी?" दाराशी चपला काढता काढता मला रडूच फुटलं. पान नीट होत नाही म्हणून कोणी रडतं का? पण मला वाटत होतं, ह्यांचा चेहरा धड आणता येत नाही म्हणजे मी तो विसरत चाललेय. वन्सं तो विसरलेल्या नाहीत, म्हणून त्यांना फरक कळतो आणि मला कळत नाही.

गुरुवार, २७ मार्च

वन्सं दुपारी वाचनालयात गेल्या होत्या. दर महिन्याला एकदा जातात, मला बरोबर येऊ देत नाहीत. आज येताना टॅक्सीने आल्या, काळा चष्मा लावून, एक डोळा लाल.

"काय झालं?"

"धूळ गेली."

वाचनालयात एवढी धूळ? आणि पुस्तक एकही आणलं नाही. मी विचारायला गेले तर, "अगं, सगळी वाचलेलीच आहेत," असं म्हणून पडून राहिल्या. मैत्रिणीकडे जात असतील नि मला सांगायचं नसेल. न सांगेनात. मला त्यांच्या मैत्रिणींशी काय करायचंय? पण त्यांनी जेवताना काळा चष्मा काढला नाही, ते मला आवडलं नाही. समोर बसलेल्या माणसाचे डोळे दिसू नयेत म्हणजे काय.

बुधवार, २ एप्रिल

आज मी वन्संना पकडलं!

सकाळी एक युक्ती सुचली. पान सातवर काहीच करायचं नाही. मूळ फाइल आहे तशी उघडायची आणि म्हणायचं, वन्सं, आज खूप मेहनत करून शार्प केलंय. मग बघू काय म्हणतात. धूसर म्हणाल्या तर नेहमीचंच. पण छान म्हणाल्या तर ठरलं, इतके दिवस नुसती खुसपटं काढत होत्या.

तसंच केलं. त्या आल्या, शेजारी बसल्या, नेहमीसारखं खिडकीकडे तोंड केलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. हे कधी करत नाहीत. म्हणाल्या, "आता छान झालंय. भाऊ किती स्वच्छ दिसतोय. डोळे सुद्धा. आता याला पुन्हा हात लावू नकोस, खूप दमलीस."

मी वरवर गंभीर, आतून उकळ्या फुटत होत्या. सापडल्या! काडीचाही बदल न करता पान पसंत! म्हणजे पानात खोट नव्हतीच कधी, खोट काढायची सवय होती. संध्याकाळी लेकीला फोन करून सांगणार आहे, तिलाही हसू येईल.

त्याच दिवशी, नंतर

लेकीला फोन केला नाही.

संगणक बंद करायला गेले. माझ्या फाइलींची नावं मीच ठेवलेली: पान७, पान७ फायनल, पान७ फायनल खरं, पान७ आता तरी, आणि त्यालाच खेटून पान८. ह्या गोंधळात सकाळी मी पान सात उघडलंच नव्हतं. पान आठ उघडलं होतं, आणि माझं सगळं लक्ष वन्संच्या तोंडाकडे, पडद्याकडे मी बघितलंच नाही.

पान आठवर हे नाहीतच. हे पाणीपुरवठ्यात नोकरीला होते, आणि पंपांवर त्यांचं फार प्रेम, म्हणून ते पान मी पंपाचं केलंय. अख्ख्या पानभर एक हिरवा पंप. माणूस एकही नाही.

त्या पंपाकडे बघून वन्सं म्हणाल्या, भाऊ किती स्वच्छ दिसतोय. डोळे सुद्धा.

मी खुर्चीतच बसून राहिले. मग बशीतला चहा आठवला. दिवा, वर्तमानपत्र, कठडा, रेघेवरून दोनदा फिरवलेलं बोट. एकेक करून सगळं समोर आलं. औषधाच्या दुकानात मी डोळ्यांचे थेंब किती लोकांना विकले असतील. कसे वापरायचे ते समजावून सांगायचे मी त्यांना.

गुरुवार, ३ एप्रिल

वन्सं मटार सोलत होत्या. हल्ली टरफलं आणि दाणे एकाच भांड्यात जातात, ते मी मुकाट्याने वेगळे करते. आज त्यांच्यासमोर बसून वेगळे करायला लागले. त्यांचे हात थांबले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"वन्सं, काल मी तुम्हाला पंप दाखवला."

त्या हसल्याच एकदम. "पंप? अगं बाई! आणि मी काय म्हणाले?"

"डोळे किती स्वच्छ दिसतात म्हणालात."

आम्ही दोघी हसत सुटलो. इतक्या की मटार खाली सांडले. मग हसणं थांबलं आणि त्या सांगायला लागल्या. मधोमध एक डाग आहे. ज्याच्याकडे बघावं नेमकं त्याच्यावर तो येऊन बसतो. कडेचं दिसतं. म्हणून पान बघायचं असेल तर खिडकीकडे बघायचं, म्हणजे पान कडेला येतं आणि थोडं तरी दिसतं. सरळ रेघा वाकतात. वाचनालय म्हणजे डोळ्यांचा दवाखाना. डोळ्यात इंजेक्शन देतात, दर महिन्याला. डॉक्टर म्हणतात वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही.

"डोळ्यात इंजेक्शन, आणि एकट्या जाऊन आलात?" माझा आवाज चढला. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय परकी आहे?"

"ओरडू नकोस. वर्षभर त्याच्या उशाशी बसलीस. एक आजारी माणूस घरातून गेलं आणि लगेच तुला दुसरं देऊ?"

मग मी जे विचारलं ते विचारायला नको होतं, पण विचारलं. "मग धूसर, धूसर करून माझा जीव कशाला खाल्लात? तुम्हाला तर माहीत होतं."

त्यांनी एक शेंग उचलली, सोलली नाही, नुसती हातात धरली.

"मला वाटायचं, कदाचित खरंच पानच धूसर असेल. तू शिकाऊ, मशीन नवं. तू पुन्हा करून आणायचीस तेव्हा दर वेळी वाटायचं, या वेळी दिसेल. दिसलं असतं तर डॉक्टर खोटे ठरले असते ना." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू दाराशी रडलीस ते ऐकलं मी. तेव्हा ठरवलं, आता पुढचं पान कसंही आलं तरी छान म्हणायचं."

मी खाली बसून मटार गोळा केले. एकेक करून, जितका वेळ लावता येईल तितका वेळ लावून.

शुक्रवार, ४ एप्रिल

पुढच्या इंजेक्शनला मी बरोबर जाणार. त्या नाही म्हणाल्या. मी म्हटलं, वाचनालयाचं कार्ड मला सुद्धा काढायचंय. त्यावर काही बोलल्या नाहीत, म्हणजे हो.

लेकीला सगळं सांगितलं. फोनवर बराच वेळ नुसतं नाक ओढणं ऐकू येत होतं.

रविवार, ६ एप्रिल

काल दिवसभर आणि आज सकाळी बसून सगळी पानं निस्तरली. शार्प करून वाट लावलेल्या नकला फेकून दिल्या. प्रत्येक पानाची मूळ फाइल उघडून नव्याने दोन नकला केल्या: एक छापायची, प्रिंटवालीने सांगितलं तितकीच शार्प, आणि एक लेकीसाठी वेबची, चिमूटभर. ह्यांची दाढी पुन्हा दाढीसारखी झाली.

मग पान सातची तिसरी केली. तिचा नियम मला कोणी सांगितलेला नाही, माझा मीच केला. बटणं काढली, टीप काढली, निळा कागद काढून सपाट काळं ठेवलं. चेहरा एवढा मोठा की पानात कसाबसा मावेल. प्रिंटवालीला सगळं सांगितलं तेव्हा तिने तिच्याकडचा सगळ्यात मोठा कागद काढला. पान सात आज रविवार असूनही तिने छापून दिलं. दोघींनी धरून दुकानातून बाहेर आणलं. घरी येऊन मी ते वन्संच्या खुर्चीसमोर भिंतीला लावलं, खिडकीपासून जरा बाजूला.

"बसा," म्हटलं. "खिडकीकडे बघा आणि सांगा."

त्या बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हसतोय."

"हो."

"डावा डोळा जास्त बारीक केलाय. लहानपणापासून तसाच." मग मान वळवली. "दिसला गं. पुरता नाही, पण दिसला."

मला वाटलं, झालं, सुटलो. इतके दिवस ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते एकदाचं झालं. मी म्हटलं, "आता बाकीची पण अशीच मोठी करते. सगळे ह्यांचे फोटो. डोळे आहेत तोवर मनसोक्त बघून घ्या."

"भाऊ नाही बघायचा आता," त्या म्हणाल्या. "तो मला पाठ आहे. न्हाऊ घातलाय मी त्याला. आंधळी झाले तरी तो मला दिसेल. तुझं पान कुठाय?"

"माझं?"

"मघापासून आठवतेय, तुझं नाक कसं आहे. आठवत नाही. इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि मी तुझ्याकडे नीट बघितलंच नाही बघ. चुकाच बघितल्या. पुढे तुझ्याचबरोबर राहायचंय मला. आवाज ऐकू येईल, पण तोंड कुठलं लावू त्याला?"

मी म्हटलं, माझा एकही धड फोटो नाही, ह्यांनी जन्मभर पंपांचे काढले. शेवटचा बरा फोटो लग्नातला असेल, त्यात सुद्धा मी खाली बघतेय.

"मग फोटो कशाला हवा? समोर आहेसच की. इकडे ये, उजेडात बस."

मी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. त्या इतक्या जवळ आल्या की त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. बघताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघत होत्या. मान थोडी इकडे, थोडी तिकडे, वर्गात मुलांसमोर मांडलेल्या वस्तूकडे बघावं तशा. कपाळ झालं, भुवया झाल्या. मला कधी कोणी इतका वेळ बघितलेलं नाही, ह्यांनी सुद्धा नाही. मला ते सोसेना. डोळे भरून आले. म्हटलं, त्यांना कुठे एवढं बारीक दिसतंय, वाहू दे. आवाज मात्र होऊ दिला नाही.

"रडू नकोस," वन्सं म्हणाल्या. "तुझं नाक लाल होतं. लाल मला अजून दिसतं."